नेटसीडीएफ सोर्समधून बिल्ड करताना कोणते व्हेरिएबल कुठे द्यावे?

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. भारतीय हवामान विभागाच्या पुणे कार्यालयाकडून मिळणारी पाव अंशाच्या जाळीवरील दैनंदिन पर्जन्यमानाची आकडेवारी वाचण्यासाठी आपल्याला नेटसीडीएफ ही जाळीवरील आकडेवारी साठवण्याची व वाचण्याची लायब्ररी हवी आहे. संस्थेच्या सामायिक क्लस्टरवर आपल्याकडे रूटचे, म्हणजे प्रशासकाचे, अधिकार नाहीत, म्हणून आपण आधी नेटसीडीएफला लागणारी एचडीएफ-५ ही लायब्ररी स्वतःच्या होम डिरेक्टरीत बसवली आणि मग नेटसीडीएफ-सी बिल्ड करायला घेतली. बिल्डच्या आधी संगणक तपासणाऱ्या कॉन्फिगर स्क्रिप्टने एचडीएफ-५ सापडत नसल्याचे सांगितले, तेव्हा आपण इकडूनतिकडून मिळालेल्या सल्ल्यांनुसार शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या बॅशआरसी फाइलमध्ये सीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज, एलडी लायब्ररी पाथ अशा बऱ्याच ओळी एक्स्पोर्ट केल्या. काही प्रयत्नांनंतर बिल्ड पूर्ण झाले, परंतु नेटसीडीएफ फाइलमधील मजकूर दाखवणारा एनसीडंप चालवताच एचडीएफ-५ची शेअर्ड (प्रोग्रॅम सुरू होताना जोडली जाणारी) लायब्ररी उघडता येत नाही असा संदेश येतो. यांतील प्रत्येक व्हेरिएबल नेमके कशासाठी असते आणि ते कुठे द्यायचे, हे आपण विचारले आहे.

आधी थेट उत्तर देतो. बॅशआरसीतील या सर्व ओळी काढून टाका, नव्याने लॉगिन करा आणि नेटसीडीएफचे सोर्स नव्या, कोऱ्या डिरेक्टरीत उलगडा. कॉन्फिगर चालवताना त्याच ओळीवर तीनच गोष्टी द्या. पहिली म्हणजे प्रीफिक्स, अर्थात तयार सॉफ्टवेअर जिथे बसवायचे त्या जागेचा पूर्ण पत्ता. दुसरी म्हणजे सीपीपीफ्लॅग्ज, ज्यात डॅश कॅपिटल आय आणि त्याला चिकटून एचडीएफ-५च्या इन्क्लुड डिरेक्टरीचा पत्ता असेल. तिसरी म्हणजे एलडीफ्लॅग्ज, ज्यात डॅश कॅपिटल एलला चिकटून एचडीएफ-५च्या लिब डिरेक्टरीचा पत्ता असेल आणि त्यानंतर तोच पत्ता आरपाथ (चालताना लायब्ररी शोधण्यासाठी तयार फाइलमध्ये कोरला जाणारा पत्ता) म्हणून लिंकरकडे, अर्थात लायब्ररी जोडणाऱ्या प्रोग्रॅमकडे, पोहोचवणारा, म्हणजे डॅश कॅपिटल डब्ल्यू, स्मॉल एल, स्वल्पविराम, डॅश आरपाथ, स्वल्पविराम आणि पत्ता असा लिहिला जाणारा पर्याय असेल. एलडीफ्लॅग्जमध्ये दोन पर्याय असल्यामुळे मध्ये रिकामी जागा येते, म्हणून त्याची संपूर्ण किंमत अवतरणचिन्हांत ठेवा. आपल्या प्रसंगात एवढे पुरेसे आहे.

हे पुरेसे का आहे, हे समजून घेतले तर पुढच्या पॅकेजच्या वेळी कोणाला विचारावे लागणार नाही. बिल्डशी संबंधित प्रत्येक व्हेरिएबल विशिष्ट प्रोग्रॅम विशिष्ट क्षणी वाचतो, आणि तो क्षण सोडून इतर वेळी त्या व्हेरिएबलला काहीही अर्थ नसतो. सीपीपीफ्लॅग्जमधील पत्ता प्रीप्रोसेसरसाठी असतो, कारण हेडर फाइल (लायब्ररीतील फंक्शनांच्या घोषणा असलेली फाइल) शोधण्याचे काम त्याचे आहे. सीफ्लॅग्जमधील पर्याय सीच्या कोडचे मशीनच्या भाषेत रूपांतर कसे करायचे, किती ऑप्टिमाइझ करायचे, डीबगची माहिती ठेवायची की नाही, यांविषयी असतात. एलडीफ्लॅग्ज लिंकरला लायब्ररी कोणत्या डिरेक्टरीत शोधायच्या हे सांगते, तर कोणत्या लायब्ररी जोडायच्या हे लिब्ज या वेगळ्या व्हेरिएबलमध्ये जाते. एलडी लायब्ररी पाथ मात्र या साखळीतला नाहीच. प्रोग्रॅम तयार होऊन सुरू होतो त्या क्षणी त्याच्या शेअर्ड लायब्ररी मेमरीत आणणारा डायनॅमिक लोडर ते वाचतो. नावात एलडी आहे म्हणून लिंकर डॅश स्मॉल एलने मागितलेली लायब्ररी तिथे शोधील असे वाटते, पण तो तिथे शोधत नाही. केवळ एलडी लायब्ररी पाथ एक्स्पोर्ट करून कॉन्फिगरला एचडीएफ-५ सापडली नाही, ती याच कारणाने.

कॉन्फिगर स्क्रिप्ट काय करते, हेही एकदा जवळून पाहण्यासारखे आहे. ती आपल्या संगणकावरील पॅकेजांची कोणतीही यादी तपासत नाही. कॉनफटेस्ट नावाचा चार ओळींचा सी प्रोग्रॅम ती लिहिते, आपण दिलेल्या व्हेरिएबलांसह तो कंपाइल आणि लिंक करून पाहते, काही वेळा चालवूनही पाहते, आणि तो जमला की नाही एवढ्यावरून ‘आहे’ किंवा ‘नाही’ असे उत्तर छापते. स्क्रीनवर दिसणारे ‘एचडीएफ-५ सापडत नाही’ हे वाक्य म्हणजे निदान नव्हे, तो केवळ निकाल आहे. निदान कॉन्फिग डॉट लॉग या फाइलमध्ये असते, आणि ती न वाचता व्हेरिएबल बदलत राहणे यात बहुतेकांचे दिवस वाया जातात. ही फाइल लांबलचक असते आणि तिच्या शेवटी सर्व व्हेरिएबलांच्या किमतींची जंत्री असते, म्हणून नुसती तळाशी जाऊन उपयोग होत नाही. अपयशी ठरलेल्या तपासणीचे नाव शोधा आणि त्याच्या लगेच खाली कंपायलरची पूर्ण आज्ञा व त्याने दिलेली चूक वाचा. एचडीएफ-५ची हेडर फाइल अशी फाइल किंवा डिरेक्टरी नाही, असे लिहिले असेल तर सीपीपीफ्लॅग्जमधील पत्ता चुकला आहे. डॅश स्मॉल एल एचडीएफ-५ सापडत नाही असे लिंकर म्हणत असेल, तर एलडीफ्लॅग्ज चुकले आहे. एखाद्या फंक्शनचा ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ असेल, तर लायब्ररीचा पत्ता बहुधा बरोबर आहे, पण तिला लागणारी दुसरी लायब्ररी, उदाहरणार्थ आकडेवारी दाबून लहान करणारी झेडलिब, जोडली गेलेली नाही किंवा चुकीच्या क्रमाने जोडली गेली आहे.

क्रमाचा मुद्दा वरवर किरकोळ वाटतो, पण लिंकर आज्ञेतील फाइली डावीकडून उजवीकडे वाचतो आणि स्थिर (बिल्डच्या वेळीच प्रोग्रॅममध्ये मिसळल्या जाणाऱ्या) लायब्ररीतून तोपर्यंत ज्या फंक्शनांची मागणी नोंदली गेली आहे तेवढीच उचलतो. डॅश स्मॉल एलचे पर्याय एलडीफ्लॅग्जमध्ये घातले तर ते आपल्या ऑब्जेक्ट फाइलींच्या आधी येतात, त्या क्षणी कोणतीही मागणी नसते, आणि लायब्ररी वाचूनही रिकाम्या हाताने पुढे जाणे घडते. उबुंटूवर जीसीसी हा कंपायलर लिंकरला ‘गरज असेल तरच जोड’ असा पर्याय मुळातच देत असल्यामुळे शेअर्ड लायब्ररींच्या बाबतीतही तेच होते. म्हणून डिरेक्टरी एलडीफ्लॅग्जमध्ये आणि लायब्ररींची नावे लिब्जमध्ये, ही विभागणी काटेकोरपणे पाळावी.

अशाच आणखी एका संदेशाने अनेकांना भलत्याच दिशेला नेले आहे. कॉन्फिगर कधीकधी सुरुवातीलाच ‘कंपाइल केलेला सी प्रोग्रॅम चालवता येत नाही, क्रॉस कंपाइल करायचे असल्यास होस्ट पर्याय द्या’ असे सांगून थांबते. आपण क्रॉस कंपाइल, म्हणजे दुसऱ्या प्रकारच्या मशीनसाठी कंपाइल, करत नसतो, तरी माणसे होस्ट पर्याय देतात आणि गुंता वाढवतात. बहुतेक वेळा कारण साधे असते. लिब्जमध्ये एचडीएफ-५चे नाव दिलेले असते, त्यामुळे प्रत्येक कॉनफटेस्ट तिच्याशी जोडला जातो. लिंकरला ती सापडते, परंतु प्रोग्रॅम सुरू होताना लोडरला सापडत नाही. एलडीफ्लॅग्जमध्ये आरपाथ दिलेला असला तर ही अडचणही उद्भवत नाही, कारण चाचणी प्रोग्रॅममध्येही तोच पत्ता कोरला जातो.

आता एनसीडंप का चालला नाही त्याकडे येऊ. लिंक करताना लायब्ररी सापडली म्हणून ती चालवताना सापडेलच असे लिनक्समध्ये नसते. लिंकर तयार फाइलमध्ये साधारणपणे लायब्ररीचे केवळ नाव लिहून ठेवतो, ती कुठे मिळाली ते लिहीत नाही. आरपाथ दिल्यास पत्ताही लिहिला जातो. रीडएल्फ हा प्रोग्रॅम डॅश स्मॉल डी पर्यायाने चालवलात तर आरपाथ किंवा रनपाथ या नावाने तो पत्ता दिसतो, आणि एलडीडी चालवलेत तर कोणती लायब्ररी प्रत्यक्षात कुठून उचलली जाते ते कळते. हल्लीची अनेक वितरणे जुन्या आरपाथऐवजी रनपाथ लिहितात आणि या दोघांत दोन फरक आहेत. जुना आरपाथ एलडी लायब्ररी पाथच्या आधी पाहिला जातो, तर रनपाथ त्याच्यानंतर. शिवाय रनपाथ केवळ त्याच फाइलच्या थेट लायब्ररींना लागू होतो, त्या लायब्ररींच्या लायब्ररींना लागू होत नाही. म्हणून हा पत्ता नेटसीडीएफमध्ये द्यावा आणि एचडीएफ-५ आपल्या स्वतःच्या झेडलिबवर अवलंबून असेल, तर एचडीएफ-५ बिल्ड करतानाही तिच्यापुरता वेगळा द्यावा.

एलडी लायब्ररी पाथ बॅशआरसीत कायमचे ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. त्याचा परिणाम एनसीडंपपुरता राहत नाही. त्या शेलमधून सुरू होणाऱ्या प्रत्येक प्रोग्रॅमवर तो होतो. पायथन, मॅटलॅब किंवा क्लस्टरच्या प्रशासकांनी मॉड्यूल म्हणून दिलेले सॉफ्टवेअर आपापल्या आवृत्तीच्या एचडीएफ-५सह तयार झालेले असते आणि त्याच्या हाती अचानक आपल्या होममधील आवृत्ती पडते. एचडीएफ-५ या बाबतीत दक्ष आहे. कंपाइल करताना वापरलेली हेडर फाइल आणि चालताना मिळालेली लायब्ररी यांच्या आवृत्त्या विसंगत आढळल्या, तर ती मोठा इशारा छापून प्रोग्रॅम थांबवते. ही तपासणी बंद करणारे पर्यावरण व्हेरिएबलही उपलब्ध आहे आणि ते वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो कृपया मानू नका. आपल्या पर्जन्यमानाच्या आकड्यांची मांडणी एका आवृत्तीने समजून घ्यायची आणि दुसरीने ती वाचायची, ही जोखीम संशोधनात पत्करण्यासारखी नाही. असा इशारा आला तर सीपीपीफ्लॅग्ज एका आवृत्तीकडे आणि एलडीफ्लॅग्ज दुसरीकडे बोट दाखवत नाही ना, तसेच लोड केलेल्या एखाद्या मॉड्यूलने सीपाथ किंवा लायब्ररी पाथ ही जीसीसी स्वतः वाचत असलेली व्हेरिएबल भरून ठेवली नाहीत ना, हे पाहा.

व्हेरिएबल देण्याच्या पद्धतीविषयी आपण विचारले नव्हते, पण निम्मा घोळ तिथेच होतो. कॉन्फिगरच्या आधी एक्स्पोर्ट करणे, त्याच ओळीवर कॉन्फिगरच्या आधी लिहिणे आणि कॉन्फिगरच्या नावानंतर आर्ग्युमेंट म्हणून लिहिणे, अशा तिन्ही पद्धती चालतात. ऑटोकॉन्फ या साधनाने तयार केलेल्या कॉन्फिगर स्क्रिप्टला मी नेहमी तिसऱ्या पद्धतीने देतो. एकतर त्या किमती कॉन्फिग डॉट लॉगच्या सुरुवातीला नोंदल्या गेलेल्या आज्ञेत जशाच्या तशा दिसतात, त्यामुळे सहा महिन्यांनी कोणीही पाहिले तरी काय दिले होते ते कळते. दुसरे म्हणजे कॉन्फिगरने तयार केलेली कॉन्फिग डॉट स्टेटस ही स्क्रिप्ट पुन्हा तपासणी करते तेव्हा ही आर्ग्युमेंट पुन्हा दिली जातात. एक्स्पोर्ट केलेले व्हेरिएबल कोणत्या टर्मिनलमध्ये होते आणि कोणत्यात नव्हते, याचा माग पुढे काढता येत नाही.

मेकफाइलमधील सूचनांनुसार प्रत्यक्ष बिल्ड करणाऱ्या मेक या प्रोग्रॅमचे नियम मात्र वेगळे आहेत. मेकफाइलमध्ये सीफ्लॅग्जला किंमत दिलेली असेल, तर पर्यावरणातून एक्स्पोर्ट केलेली किंमत दुर्लक्षित होते; मेकला डॅश स्मॉल ई पर्याय दिला तरच तिचा मान राखला जातो. याउलट मेकच्या आज्ञेवरच सीफ्लॅग्ज लिहिले, तर ते मेकफाइलमधील किमतीला सरळ बाजूला सारते. मेकफाइल आपोआप तयार करणारे ऑटोमेक वापरणाऱ्या प्रकल्पांत हे फारसे घातक ठरत नाही, कारण लेखकाला आवश्यक असलेले पर्याय एएमसीफ्लॅग्ज या वेगळ्या नावाखाली ठेवण्याची शिस्त तिथे असते आणि सीफ्लॅग्ज वापरकर्त्यासाठी राखून ठेवलेले असते. हाताने लिहिलेल्या मेकफाइलमध्ये ही शिस्त असेलच असे नाही. तिथे मेकच्या आज्ञेवर सीफ्लॅग्ज दिले की लेखकाने त्याच व्हेरिएबलमध्ये ठेवलेले हेडरचे पत्ते आणि शेअर्ड लायब्ररीसाठी लागणारा एफपिक पर्यायही नाहीसे होतात, आणि मग येणाऱ्या चुकांचा आपल्या बदलाशी संबंध आहे हे लक्षातही येत नाही. मेकफाइल उघडून पाच मिनिटे वाचणे हाच त्यावरचा उपाय आहे.

सीफ्लॅग्जविषयी मला थोडे अधिक सांगायचे आहे, कारण आकडेमोडीच्या खरेपणाचा प्रश्न तिथे येतो. आपण काहीच दिले नाही, तर ऑटोकॉन्फ जीसीसीसाठी डीबगची माहिती आणि दुसऱ्या पातळीचे ऑप्टिमायझेशन असे दोन पर्याय स्वतः धरते. आपण सीफ्लॅग्जमध्ये केवळ हेडरचा पत्ता जरी लिहिला, तरी ही मूळ किंमत पूर्णपणे पुसली जाते आणि लायब्ररी ऑप्टिमायझेशनशिवाय तयार होते. ती चुकत नाही, फक्त संथ चालते, आणि त्यामुळेच कोणाच्या ध्यानात येत नाही. आपल्या बॅशआरसीत नेमके हेच झाले होते. म्हणून हेडरचे पत्ते सीपीपीफ्लॅग्जमध्येच द्यावेत आणि सीफ्लॅग्जला हात लावायचाच असेल, तर ऑप्टिमायझेशनची पातळीही आठवणीने लिहावी.

सीफ्लॅग्जमध्ये दिला जाणारा मार्च नेटिव्ह हा पर्याय वैयक्तिक संगणकावर चांगला आहे, पण क्लस्टरवर तो विचारपूर्वक वापरावा. ज्या प्रोसेसरवर कंपायलर चालतो त्याच्या सर्व खास सूचना तो वापरतो. लॉगिन नोड (क्लस्टरमधील ज्या संगणकावर आपण लॉगिन करतो तो) नव्या पिढीचा आणि गणना करणारे नोड जुन्या पिढीचे असतील, तर कंपाइल व्यवस्थित होते, लॉगिन नोडवर चाचण्याही यशस्वी होतात आणि रांगेत टाकलेला जॉब ‘इल्लीगल इन्स्ट्रक्शन’ म्हणून पहिल्याच सेकंदाला मरतो. अशा ठिकाणी बिल्डच गणना करणाऱ्या नोडवर करावे किंवा सर्वांत जुन्या नोडच्या प्रोसेसरचे नाव स्पष्टपणे द्यावे.

फास्ट मॅथ या पर्यायाबाबत मी अधिक कठोर आहे. तो दिला की आकडेमोडीत ‘नॅन’ (आकडा नाही असे दर्शवणारी किंमत) आणि अनंत या किमती कधीच येणार नाहीत असे गृहीत धरण्याची मुभा कंपायलरला मिळते, आणि मग किंमत नॅन आहे का हे विचारणारी तपासणीच तो काढून टाकू शकतो. निरीक्षण नसलेल्या जागी नॅन ठेवून मग सरासरी काढणाऱ्या आपल्या प्रोग्रॅममध्ये याचा परिणाम काय होईल, याची कल्पना आपण करू शकता. वेग हवा असेल तर तो ऑप्टिमायझेशनच्या पातळीतून घ्यावा.

एचडीएफ-५सह अनेक प्रकल्प आता कॉन्फिगर स्क्रिप्टऐवजी सीमेक या साधनाकडे वळले आहेत आणि तिथे सवयी बदलाव्या लागतात. सीमेक सीसी, सीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्ज पर्यावरणातून वाचते, परंतु कोऱ्या बिल्ड डिरेक्टरीतील पहिल्या वेळीच. त्यानंतर त्या किमती सीमेककॅश फाइलमध्ये राहतात आणि आपण कितीही एक्स्पोर्ट केले तरी बदलत नाहीत. सीपीपीफ्लॅग्ज ती मुळीच वाचत नाही. आपण होममध्ये बसवलेल्या लायब्ररींचा पत्ता सीमेक प्रीफिक्स पाथमध्ये द्यावा, आणि तिथे इन्क्लुड किंवा लिब डिरेक्टरी न लिहिता त्यांच्यावरची मूळ डिरेक्टरी लिहावी. बिल्ड टाइप हे व्हेरिएबल मेक किंवा तसेच काम करणाऱ्या निंजासोबत रिकामे सोडले आणि प्रकल्पाने स्वतः काही ठरवलेले नसले, तर ऑप्टिमायझेशन होत नाही. ते ‘रिलीज’ असे स्पष्ट द्यावे. आणखी एक गोष्ट अनेकांना चकवते. बिल्ड डिरेक्टरीत असताना सीमेक तयार फाइलींमध्ये आरपाथ घालते, पण इन्स्टॉल करताना तो काढून टाकते. त्यामुळे चाचण्या यशस्वी होतात आणि इन्स्टॉल केलेली फाइल लायब्ररी सापडत नाही म्हणून थांबते. सीमेक इन्स्टॉल आरपाथ या व्हेरिएबलमध्ये पत्ता दिला की हा प्रश्न सुटतो.

प्रीफिक्सबद्दल एवढेच की तो कॉन्फिगरच्या वेळीच योग्य द्यावा, कारण तो पत्ता एनसी-कॉन्फिगसारख्या सहायक स्क्रिप्टांमध्ये आणि पॅकेज कॉन्फिगच्या फाइलींमध्ये कोरला जातो. डेस्टडिर हे व्हेरिएबल त्याला पर्याय नाही. ते पॅकेज तयार करणाऱ्यांसाठी आहे, मेक इन्स्टॉलच्या वेळी फाइली तात्पुरत्या दुसऱ्या जागी उतरवते, पण आत कोरलेला पत्ता प्रीफिक्सचाच राहतो. एचडीएफ-५ची लिब डिरेक्टरी लिब आहे की लिब-६४ हेही एकदा एलएस करून पाहा. काही वितरणांवर सीमेकने बसवलेल्या लायब्ररी लिब-६४मध्ये जातात.

आपला पुढचा टप्पा नेटसीडीएफ-फोरट्रान असणार, कारण आपले मॉडेल फोरट्रानमध्ये आहे असे आपण लिहिले आहे. ते पॅकेज वेगळे आहे आणि नेटसीडीएफ-सी इन्स्टॉल झाल्यानंतरच बिल्ड करायचे असते. त्याच्या कॉन्फिगरला सीपीपीफ्लॅग्ज आणि एलडीफ्लॅग्जमध्ये आता नेटसीडीएफ-सीचे पत्ते द्यायचे, आरपाथसह. फोरट्रानचा कंपायलर एफसी या व्हेरिएबलमध्ये स्पष्ट द्यावा आणि आपले मॉडेल ज्या कंपायलरने तयार होणार तोच द्यावा, कारण फोरट्रानच्या मॉड्यूल फाइली एका कंपायलरच्या दुसऱ्याला वाचता येत नाहीत. जीफोरट्रानने केलेली मॉड्यूल फाइल इंटेलच्या कंपायलरला निरुपयोगी असते. जीसीसीची १०वी आवृत्ती २०२० मध्ये आली, तेव्हापासून आर्ग्युमेंटचे प्रकार न जुळणे ही जीफोरट्रानमध्ये केवळ सूचना न राहता चूक ठरली आहे, त्यामुळे जुन्या आवृत्त्यांचा कोड तिथे अडतो. त्यासाठी एफफ्लॅग्ज आणि एफसीफ्लॅग्ज या दोन्हींमध्ये ‘अलाउ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा पर्याय ऑप्टिमायझेशनच्या पातळीसह द्यावा. दोन्हींमध्ये अशासाठी की ऑटोकॉन्फ जुन्या धाटणीच्या फोरट्रान-७७ फाइलींना पहिले आणि नव्या फाइलींना दुसरे व्हेरिएबल लावते. कंपायलर बदलावा लागला, तर त्याच डिरेक्टरीत पुन्हा कॉन्फिगर करू नका. सोर्स नव्याने उलगडा आणि नेटसीडीएफ-सी व फोरट्रान या दोन्हींच्या कॉन्फिगरच्या पूर्ण आज्ञा एका शेल स्क्रिप्टमध्ये लिहून तिथूनच चालवा. एवढे करूनही अडचण आली, तर त्या तपासणीच्या नावापासून पुढच्या वीसएक ओळी कॉन्फिग डॉट लॉगमधून पाठवा आणि सोबत एलडीडीचा निकाल जोडा.